सायलेन्सर बदलला की इंजिनाचं काय होतं?

"काका, फ्री-फ्लो टाकला की पिकअप वाढतं ना?"

पुतण्याने हे विचारलं तेव्हा त्याची गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढलेली होती आणि कंपनीचा मागचा डबा निघून खाली फरशीवर पडला होता. त्याच्या जागी कमी अडथळ्याचा, म्हणजे 'फ्री-फ्लो' डबा बसायचा होता. निर्णय झालेला होता, त्याला फक्त माझा होकार हवा होता. गाडी साधी, १,१९७ सीसीच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि परत. गॅरेजवाल्याने त्याच्या मनावर ठसवलं होतं की कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा गळा दाबून धरतो. तो काढला की इंजिन मोकळा श्वास घेतं आणि सात-आठ हॉर्सपॉवर सहज वाढतात.

पुण्याच्या नाना पेठेपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच. त्याचं उत्तर मिळवायला आपण धुराच्या मागोमाग जाऊ, सिलिंडरपासून थेट पाइपच्या तोंडापर्यंत.

१. धुराची वाट

पेट्रोल इंजिनाचं काम चार टप्प्यांत चालतं. हवा आणि पेट्रोल आत घ्यायचं, ते दाबायचं, पेटवायचं आणि उरलेला धूर बाहेर काढायचा. यातल्या तिसऱ्याच टप्प्यात कमाई होते, बाकीचे तीन खर्चाचे. धूर बाहेर ढकलायला पिस्टनला जी ताकद लागते ती इंजिनाच्या कमाईतूनच वजा होते. म्हणून "वाट मोकळी केली की ताकद वाचेल" हा विचार मुळात चुकीचा नाही. किती वाचेल, हा खरा मुद्दा आहे, आणि त्याचा हिशेब आपण पुढे करणारच आहोत.

गाडीखाली डोकावलं तर ही वाट अशी दिसते. इंजिनाला चिकटलेला मॅनिफोल्ड, ज्यात चार सिलिंडरचे चार छोटे पाइप हाताची बोटं मनगटाला मिळावीत तसे एकत्र येतात. तिथेच एक ऑक्सिजन सेन्सर. मग कॅटलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं 'कॅट' म्हणतात. त्याच्यामागे दुसरा सेन्सर. मग इंजिनाचे हादरे पुढे जाऊ नयेत म्हणून जाळीने मढवलेला लवचिक तुकडा, मधला छोटा डबा आणि शेवटी मागचा मोठा डबा. बोलताना आपण या सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो, आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते. मागचा डबा बदलणं, मॅनिफोल्ड काढून त्या जागी 'हेडर' बसवणं आणि कॅट उडवणं ही तीन वेगळी कामं आहेत. तिघांचे परिणामही वेगळे.

मागच्या डब्याचं काम आवाज मारण्याचं. काही डब्यांत आडवे पडदे घालून कप्पे केलेले असतात. त्यांत आवाजाच्या लाटा आपटत, एकमेकींना खात विरतात. काहींत भोकं पाडलेली नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर भरलेली असते, जी आवाज शोषून घेते. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ मध्येच अशा डब्याचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीत बुलेटची 'पुंगळी काढली' असं म्हणतात, तेव्हा आवाज मारणारी ही आतली नळीच काढलेली असते.

२. झोपाळा आणि लाट

नळातून पाणी एकसारखं वाहतं तसा धूर वाहत नाही. तो धक्क्याधक्क्याने येतो. पिस्टन तळाला पोहोचण्याच्या जरा आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे वायू फटकन बाहेर पडतो आणि पाइपमधून दाबाची एक लाट धावत सुटते. गरम वायूत तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या वर असतो. पाइप जिथे एकदम रुंद होतो किंवा संपतो, तिथून ही लाट परत फिरते. परतताना मात्र तिचा स्वभाव उलटलेला असतो: जाताना ती ढकलत गेली, येताना ती ओढत येते.

ही ओढ फार कामाची आहे. धूर बाहेर काढण्याचा टप्पा संपताना एक छोटासा काळ असा असतो, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसतो आणि आत घेणारा व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो. नेमकी त्याच वेळी ओढ पोहोचली, तर ती उरलासुरला धूर खेचून काढते आणि ताज्या हवेलाही आत यायला मदत करते. वाड्यातला झोपाळा आठवा. तो मागे येऊन थांबतो त्या क्षणी बोटाने दिलेला धक्काही पुरतो. तोच धक्का तो मागे येत असतानाच दिला, तर झोपाळा अडतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, लाट सेकंदाला ५५० मीटर वेगाने जाते आणि ती जिथून परतते ती जागा व्हॉल्व्हपासून पावणेदोन मीटरवर आहे. जाऊन-येऊन साडेतीन मीटर, म्हणजे सेकंदाच्या हजारातले सुमारे साडेसहा भाग. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला सेकंदाच्या हजारातले १० भाग लागतात. म्हणजे लाट परत येईपर्यंत क्रँक पाऊण फेऱ्याच्या जरा आत फिरलेला असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असण्याची वेळ साधारण तीच असते. लाट बरोबर वेळेवर आली. आता तेच इंजिन २,००० फेऱ्यांवर चालवा. एका फेऱ्याला ३० भाग लागतात, लाट मात्र तेवढ्याच साडेसहा भागांत परत येते. क्रँक तोवर पाव फेराही फिरलेला नसतो. ओढ आली, पण तिचा उपयोग करायला सिलिंडर तयार नाही.

म्हणून प्रत्येक मॅनिफोल्ड कुठल्या तरी एका वेगासाठीच 'जुळलेला' असतो. तो सगळीकडे सारखा चांगला असूच शकत नाही. शर्यतीच्या गाडीचा वरच्या फेऱ्यांसाठी जुळवतात, कारण ती कायम तिथेच पळते. रोजच्या गाडीचा डिझायनर खालच्या आणि मधल्या फेऱ्यांकडे झुकतो, कारण तुम्ही-आम्ही सिग्नलवरून निघताना आणि घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तिथेच असतो. हेडर बसवला म्हणजे झोपाळ्याला धक्का देण्याची वेळ बदलली. वर काही मिळालं, तर खालचं काही जाण्याची शक्यता दाट.

मागच्या डब्यापर्यंत पोहोचेस्तोवर मात्र या लाटा कॅटच्या बारीक जाळीत आणि मधल्या डब्यात आपटून बऱ्याच मोडलेल्या असतात. म्हणूनच नुसता मागचा डबा बदलला तर इंजिनाच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आवाजात.

३. "इंजिनाला बॅक प्रेशर लागतं"

फ्री-फ्लोच्या विरोधात बोलणारे मिस्त्री हे वाक्य हमखास ऐकवतात. त्यांचा सल्ला बहुतेकदा बरोबर असतो, कारण मात्र चुकीचं.

बॅक प्रेशर म्हणजे पाइपमधला अडथळा पिस्टनला जो उलटा दाब देतो तो. चार टप्प्यांच्या कुठल्याही इंजिनाला हा दाब हवा असत नाही. तो कमी झाला तर बरंच. मग जाड पाइप टाकल्यावर खालच्या फेऱ्यांवर गाडी मरगळते कशाने? जाड पाइपात वायूचा वेग पडतो म्हणून. वेगाने निघालेला वायू मागच्या वायूलाही ओढून नेतो. दादरला लोकलमधून गर्दी झपाट्याने उतरली की मागच्यांना आपोआप वाट मिळते, तसंच. पाइप नको इतका रुंद केला की ही ओढ सैल पडते.

या समजुतीचं मूळ माझ्या मते टू-स्ट्रोक मोटरसायकलींत आहे. आपल्याकडच्या कितीतरी मिस्त्रींचे हात जावा, येझदी आणि १९८५ नंतर आलेल्या यामाहा आरएक्स १०० वर बसले. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण थेट एक्झॉस्टमधून निसटून जाऊ शकतं. ते परत आत ढकलायला पाइपमधून उलट येणारी दाबाची लाट खरोखरच लागते. त्या गाड्यांचा पोटाला फुगीर, टोकाला निमुळता सायलेन्सर म्हणजे निम्मं इंजिनच. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या इंजिनिअरने १९५०च्या दशकात हे शास्त्र इतकं पुढे नेलं की छोट्या टू-स्ट्रोकनी शर्यती गाजवल्या. आरएक्स १००चा सायलेन्सर बिघडवला की गाडी बसते, हा अनुभव अगदी खरा. तो जसाच्या तसा मोटारीला लावला गेला, एवढंच.

४. सात-आठ हॉर्सपॉवर येतील कुठून?

आता पुतण्याच्या गाडीचा हिशेब. १.२ लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा १.२ लिटर वायू बाहेर टाकतं. ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला ५० वेळा. समजा, कंपनीच्या सगळ्या पाइप-डब्यांनी मिळून तिथे ३० किलोपास्कल उलटा दाब दिला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या तीन दशांशांइतका. या दाबाविरुद्ध धूर ढकलायला लागणारी ताकद काढणं सोपं आहे: दाब, आकारमान आणि सेकंदाला किती वेळा, यांचा गुणाकार. तो येतो १,८०० वॅट, म्हणजे जेमतेम अडीच हॉर्सपॉवर.

हे अडीच कधी मिळतील? पाइपमधला एकूण एक अडथळा शून्य केला, पॅडल तळाला टेकवलं आणि काटा ६,००० वर नेला तर. कॅट जागेवर ठेवून नुसता मागचा डबा बदलला, तर त्यातला एखादा हिस्साच मिळेल. धूर नीट निघाल्याने ताजी हवा थोडी जास्त येते आणि त्यात किंचित भर पडते, पण सात-आठचा आकडा या इंजिनातून असा निघत नाही.

रोजच्या रस्त्यावर काय? अडथळ्याचा दाब प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. प्रवाह एक तृतीयांश झाला की दाब एक नवमांश. २,००० फेऱ्यांवर, तेही पॅडल पूर्ण दाबून, हाच गुणाकार ६५-७० वॅटवर येतो. घरातल्या छताच्या पंख्याला साधारण तेवढीच वीज लागते. चांदणी चौकाच्या कोंडीत पॅडल अर्धंही दाबलं जात नाही, तिथे तर त्याहूनही कमी. सायलेन्सर गळा दाबतो म्हणतात तो एवढाच.

जाड पाइपचाही हिशेब करू. ६,००० फेऱ्यांवर हे इंजिन सेकंदाला ६० लिटर हवा घेतं. ७०० अंशांना तापून तीच हवा तिपटीहून जास्त फुगते, म्हणजे सुमारे १९० लिटर. आतून ४२ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात तिचा वेग सेकंदाला १३५ मीटरच्या आसपास होतो. तोच पाइप अडीच इंची केला की वेग ६० वर उतरतो, निम्म्याहूनही कमी. मोठ्या इंजिनाला अडीच इंची शोभतो. १.२ लिटरला तो बापाचा सदरा पोराला घातल्यासारखा होतो.

तरीही पाइप बदललेला जवळजवळ प्रत्येक जण "पिकअप वाढलं" असं मनापासून सांगतो. तो खोटं बोलत नाही. आपण वेग कानानेही मोजतो. ४० च्या वेगात ७० चा आवाज आला की शरीर फसतं. शिवाय नवा आवाज ऐकायला पाय नकळत जास्त दाबला जातो. खरं काय ते डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर कळतं: एकाच गाडीची, एकाच दिवशी, आधी आणि नंतर चाचणी. दुकानदाराकडे असा कागद मागा. तो आकड्यांवर बोलला तर ऐकून घ्या.

५. इंजिनाचं नाक

इथून पुढे गोष्ट इंजिनाच्या तब्येतीची.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एकास सुमारे १४.७ पट हवा लागते. आजच्या गाडीत हे प्रमाण राखतो तो कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आणि त्याचं नाक म्हणजे मॅनिफोल्डजवळचा ऑक्सिजन सेन्सर. धुरात ऑक्सिजन जास्त उरला की सेन्सर सांगतो, पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू पेट्रोल वाढवतो. ऑक्सिजन कमी दिसला की उलट. स्वयंपाक करणारी बाई आमटी चाखत चाखत मीठ घालते, तसं हे सेकंदाला अनेकदा चाललेलं असतं. पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा जुन्या मारुती ८०० मध्ये हे नाक नव्हतं. तिथे पाइप फार मोकळा केला आणि कार्बोरेटर जुळवून घेतला नाही तर मिश्रण पातळ पडे, इंजिन जास्त तापे आणि व्हॉल्व्ह जळत. 'सायलेन्सर काढला की व्हॉल्व्ह जळतो' या म्हणण्यामागे एवढं सत्य आहे.

आता ईसीयू सांभाळून घेतो, पण नाकानेच चुकीचं सांगितलं तर तो फसतो. पुतण्याच्या गाडीत नेमकं हेच झालं. मागच्या डब्याने समाधान झालं नाही म्हणून सहा महिन्यांनी त्याने दुसऱ्या एका गॅरेजमध्ये हेडरही बसवून घेतला. नंतर ॲव्हरेज सतरावरून तेरावर आलं. त्याला वाटलं, आपला पाय जड झाला. मी सकाळी बोनेट उघडून गाडी सुरू करायला लावली. पहिलं मिनिटभर इंजिनाच्या मागच्या अंगाने बारीक 'टिक-टिक-टिक' असा आवाज येत होता, फेऱ्यांबरोबर वाढणारा. इंजिन तापलं तसा तो विरला. टॉर्च मारून पाहिलं, तर इंजिन आणि हेडर यांच्या सांध्यावर, तिसऱ्या सिलिंडरपाशी, काजळाचं बोट ओढावं तशी काळी रेघ उमटलेली होती. गॅस्केट जुनंच परत बसवलेलं आणि एक नट सैल.

या फटीतून धूर बाहेर येतो हे उघडच आहे. पण खरा घात उलट दिशेने होतो. मघाची ती ओढून आणणारी लाट आठवते? ती फटीपाशी येते तेव्हा बाहेरची ताजी हवा आत खेचते. ती हवा थेट सेन्सरवर जाते. सेन्सर म्हणतो ऑक्सिजन भरपूर आहे, ईसीयू समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि तो ओततच राहतो. मिश्रण मुळात बरोबर होतं, ते आता दाट झालं. आम्ही प्लग काढले तर चारही प्लग काळे, मऊ काजळीने माखलेले. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, थोडं खाली ऑइलमध्येही उतरतं, आणि जे न जळता पुढे जातं ते कॅटमध्ये जाऊन पेटतं. काहीशे रुपयांच्या गॅस्केटपायी रिंगा, ऑइल आणि कॅट, तिन्हींचं आयुष्य घटतं. नवं गॅस्केट टाकून नट एकसारखे आवळल्यावर दोन आठवड्यांत ॲव्हरेज पुन्हा सोळाच्या वर गेलं.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांनी या सांध्यांची काळजी जास्त घ्यावी. गॅस कोरडा असल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज तिथे आधीच जास्त असते. त्यात मिश्रण बिघडलं तर ती आणखी वाढते.

६. कॅट काढणं

कॅटच्या पोटात चिनीमातीसारख्या पदार्थाची मधाच्या पोळ्यासारखी वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ मुलामा. साधारण ३०० अंशांच्या वर तापली की ती कामाला लागते. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅट सक्तीचा झाला आणि त्याच्यासाठीच शिसं नसलेलं पेट्रोल आलं, कारण शिशाने तो मुलामा निकामी होतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांसाठी बहुतेक गाड्यांत कॅट इंजिनाच्या अगदी जवळ, कित्येकदा मॅनिफोल्डलाच जोडून येतो. त्यामुळे अशा गाडीत "फक्त हेडर टाकतो" याचा अर्थ कॅट काढतो असाच होतो. गॅरेजवाला हे सांगतोच असं नाही. विचारून घ्या.

कॅट काढल्याबरोबर मागचा सेन्सर ओरडतो आणि चेक इंजिनाचा दिवा लागतो. मग सेन्सर एका नळीवर उचलून बसवून त्याला फसवलं जातं, किंवा ईसीयूमधून त्या बिघाडाचा कोडच पुसला जातो. याने कॅट परत येत नाही, फक्त गाडीने तक्रार करायचं थांबवलेलं असतं. पुढे खरा बिघाड झाला तरी दिवा लागेल याची खात्री राहत नाही.

पॅडल सोडल्यावर फटफट फटाके वाजावेत म्हणून मुद्दाम पेट्रोल पाइपात जाळण्याची हौस हल्ली वाढली आहे. कॅट जागेवर असताना हे केलं तर वीट तापून मुलामा मरतो, शेवटी ती वीट फुटते. तिचे तुकडे वाट अडवतात आणि मग खरोखरच इंजिनाचा गळा दाबला जातो: चढावर ताकद संपते, काटा ठरावीक फेऱ्यांच्या वर जातच नाही.

मी कॅट काढण्याच्या पूर्ण विरोधात आहे आणि त्यात इंजिनाचा विचार दुय्यम आहे. त्या पाइपच्या तोंडाच्या उंचीवरच रिक्षात बसलेल्या, रस्ता ओलांडणाऱ्या लहान मुलांची तोंडं असतात.

७. टर्बो आणि डिझेल

इथे वरचा हिशेब थोडा बदलतो. टर्बोचा पंखा धुराच्या दाबावर फिरतो आणि त्याच्या पुढे-मागे दाबाचा जितका फरक, तितका तो जोरात फिरतो. त्यामुळे टर्बोनंतरची वाट मोकळी केली तर फायदा खरोखर मिळतो, ईसीयू त्यासाठी जुळवला तर चांगलाच जाणवेल इतका. पण मग वाढलेली ताकद क्लचला, गिअरबॉक्सला आणि टर्बोच्या बेअरिंगला पेलायची असते. त्यांचा विचार दुकानात कुणी करत नाही.

बीएस-६ डिझेलमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ असतो. तो अधूनमधून सुमारे ६०० अंशांना तापून आतली काजळी जाळतो. गाडी नुसती गल्लीबोळात फिरली तर ही सफाई अर्धवट राहते आणि तो तुंबतो. उपाय म्हणून तो कापून टाकू नका. आठवड्यातून एकदा गाडी हमरस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा.

८. पाणी, गंज आणि बंद काचा

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असताना ते वाफ होऊन जातं. थंड असताना डब्यात साचतं. सकाळी पाइपातून थेंब पडतात ते हेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ते साचून डबा आतून खातं. कोकणात खाऱ्या हवेने बाहेरूनही खातं. बदलायची वेळ आलीच तर स्वस्त लोखंडी डब्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा घ्या, आणि रबरी हुक व लवचिक तुकडा जागेवरच ठेवायला सांगा. तो काढून सरळ पाइप वेल्ड केला की इंजिनाचे हादरे थेट मॅनिफोल्डवर येतात आणि तिथे तडा जातो.

सगळ्यांत गंभीर गोष्ट ही की पाइप गाडीच्या पोटाखालीच आखूड कापू नये आणि गाडीखालचा कुठलाही सांधा गळका ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. पावसाळ्यात काचा बंद, एसी चालू, गाडी कोंडीत उभी. लांबच्या प्रवासात सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं तर आधी काचा उघडा आणि मग सांधे तपासून घ्या.

९. कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) लागतं: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्सवर गदा. वॉरंटीत असलेल्या गाडीचा इंजिनाचा दावा फेटाळायला कंपनीला हे कारण आयतंच मिळतं.

पुतण्याने हेडर ठेवला, मागचा डबा मात्र पुन्हा कंपनीचा बसवला. लांबच्या रस्त्यावर २,४०० फेऱ्यांच्या आसपास केबिनमध्ये सतत घुमणारा आवाज त्याच्या घरच्यांना सोसेना. चार सिलिंडरचं इंजिन त्या वेगाला सेकंदाला ८० धक्के देतं आणि मोकळा डबा नेमका तोच सूर धरून बसला होता.

तुमच्या गाडीचा पाइप कधी उघडला गेला असेल, मग तो हौसेने असो की दुरुस्तीसाठी, तर एक काम उद्याच करा. रात्रभर थंड झालेली गाडी मोकळ्या जागेत काढा, बंद पार्किंगमध्ये हे करू नका. बोनेट उघडा, कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि पहिलं मिनिटभर मॅनिफोल्डच्या बाजूला कान द्या. इंजिन तापलं की धातू फुगून फट मिटते आणि टिकटिक थांबते, म्हणून गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ती सापडत नाही.